ताबा आज, अनामत उद्या

वैशाखाचे ऊन डोक्यावर तळपू लागले, की यवतमाळ शहरातील आर्णी मार्ग, दारव्हा मार्ग, वाघापूर, उमरसरा, लोहारा या वस्त्यांतून कपाटे, कूलर, गाद्यांच्या वळकट्या आणि तुळशीची कुंडी लादलेले ‘छोटे हत्ती’ एकामागून एक बाहेर पडताना दिसू लागतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात आणि एका पदावरील कार्यकाल सामान्यतः ३ वर्षांचा असावा, असा दंडक २००५ सालच्या बदल्यांविषयीच्या अधिनियमाने घालून दिला असल्यामुळे, आणि शैक्षणिक वर्ष संपताच परगावचे विद्यार्थीही आपापली बिऱ्हाडे मोडत असल्यामुळे, या जिल्ह्यात भाड्याची घरे रिकामी होण्याचा एक हंगामच ठरून गेला आहे. आणि त्याच्या पाठोपाठ येणारा, पण ना पंचांगात ना राजपत्रात नोंदलेला दुसरा हंगाम म्हणजे अनामत रकमेवरून होणाऱ्या तंट्यांचा.

बाहेरून पाहणाऱ्याला या तंट्यांचे काही विशेष वाटत नाही. त्यांत डोकी फुटत नाहीत. पोलीस ठाण्यात गेल्यास ‘ही दिवाणी बाब आहे’ एवढे सांगून ठाणे अंमलदार वाट दाखवतो. आणि तालुक्याच्या वार्ताहरालाही त्यांत बातमी दिसत नाही. पण तहसील कचेरीतील ज्या अव्वल कारकुनाची बदली यवतमाळहून उमरखेडला झाली, त्याला उमरखेडच्या नव्या घरमालकाकडे नवी अनामत भरायची असते, सामानाच्या गाडीचे भाडे चुकते करायचे असते, जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडण्यापूर्वी मुलांचे प्रवेश आणि गणवेश उरकायचे असतात, आणि या सर्व खर्चासाठी त्याने मनाशी धरलेली जुनी अनामत नेमकी त्याच दिवसांत यवतमाळच्या घरमालकाच्या हाती अडकून पडलेली असते. त्याने चार वेळा फोन करावा, आणि पलीकडून अगदी सौम्य स्वरात उत्तर यावे, ‘‘साहेब, कायले घाई करता? तुमचे पैसे काय पयून चालले का?’’ पैसे पळून जात नाहीत हे खरे; ते जागच्या जागी झिजतात.

ते कसे झिजतात, हे दाखवणारा हिशेबाचा एक कागद मी पाहिला आहे. वहीचे पान फाडून त्यावर निळ्या शाईने लिहिलेला, खाली सही नसलेला आणि कोणत्याही पावतीची जोड नसलेला तो कागद होता. अनामत २०,००० रुपये. तीतून वजा: रंगकाम ९,०००, न्हाणीघराच्या दाराची कडी ४५०, भिंतीतील खिळ्यांची भोके बुजवणे १,२००, बोअरच्या मोटारीच्या दुरुस्तीचा हिस्सा २,५००, अखेरचे वीजबिल १,१५०, आणि शेवटी ‘किरकोळ’ या सर्वसमावेशक नावाखाली ३,०००. बाकी २,७०० रुपये, आणि तेही ‘दिवाळीनंतर’. कुटुंब त्या घरात तीन वर्षे राहिले होते, भाडे एकदाही थकले नव्हते, आणि निघताना घरमालकीणबाईंनी त्या गृहिणीची खणानारळाने ओटीही भरली होती. हिशेबाचा कागद दुसऱ्या दिवशी आला.

या कागदावरील प्रत्येक कलम अन्यायाचेच आहे, असे मी म्हणणार नाही. वीजबिल भाडेकरूनेच भरले पाहिजे, आणि मुलांनी लोंबकळून तोडलेली कडीही त्यानेच बसवून दिली पाहिजे. परंतु तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे सोसलेल्या भिंतीचा रंग फिका पडणे हा भाडेकरूचा अपराध कसा? १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ ने भाडेपट्टेदारावर घर मूळच्या स्थितीत परत करण्याचे बंधन घातले आहे, पण वाजवी वापराने होणारी झीज आणि मनुष्याच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेला बदल त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे जी गोष्ट इंग्रजी अमदानीतील कायदेपंडितांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी उमगली होती, ती आमच्या रंगकामाच्या कलमाला अद्याप उमगलेली नाही. बोअरच्या मोटारीचे म्हणाल, तर २०१८ साली निळोणा आणि चापडोह या दोन्ही जलाशयांनी तळ गाठला आणि यवतमाळकर टँकरमागे धावू लागले, तेव्हापासून ज्याच्या अंगणात पाण्याचे बोअर त्याच्याच घराला गिऱ्हाईक, अशी येथील रीत झाली आहे. त्या पाण्याच्या जोरावर भाडे चढे आकारायचे आणि मोटार जळाली की तिचा भार निघून जाणाऱ्याच्या माथी मारायचा, हा दुहेरी लाभ झाला. आणि ‘किरकोळ’ हे तर कलमच नव्हे. ते बाकी हव्या त्या आकड्यावर आणून बसवण्याचे साधन आहे.

तथापि दोष केवळ घरमालकाच्या लोभाचा आहे, असे मानणे ही प्रश्नाची फसवी सोडवणूक होय. आमच्या जिल्ह्यातील घरमालक हा बहुधा कोणी चाळींचा धनी नसतो. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीतून वरचा मजला चढवलेला शिक्षक, पतीच्या पश्चात दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधपाणी चालवणारी वृद्धा, वणीसारख्या गावी कोळसा खाणीतील कामगारांसाठी अंगणात टिनाच्या खोल्या काढणारा शेतकरी, असा हा वर्ग आहे, आणि त्याच्याही पदरी कडू अनुभव आहेत: सहा महिन्यांचे वीजबिल थकवून एका रात्रीत पसार झालेले भाडेकरू त्याने पाहिले आहेत, आणि मीटर त्याच्या नावावर असल्यामुळे ती थकबाकी त्यानेच भरली आहे. शिवाय एक गोष्ट उघड बोलली जात नाही. हाती आलेली अनामत तो पेटीत जपून ठेवीत नाही. ती कपाशीच्या बियाण्यात, मुलीच्या लग्नात किंवा गच्चीच्या गळतीवर केव्हाच खर्ची पडलेली असते, आणि जुन्याची अनामत नवा भाडेकरू आल्याशिवाय परत करता येत नाही. ‘रंग होऊ द्या, मग देतो’ या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा ‘दुसरा कोणी येऊ द्या, मग देतो’ इतकाच असतो.

भाडेकरूंनाही हे ठाऊक झाले आहे, आणि त्यांनी त्यावर आपला उतारा शोधला आहे. घर सोडण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून भाडे देणे बंद करायचे आणि ‘अनामतीतून वळते करून घ्या’ असे सांगून मोकळे व्हायचे, ही युक्ती आता इतकी रूढ झाली आहे की प्रामाणिक भाडेकरूही तिचा अवलंब करताना संकोचत नाही. यात नुकसान होते ते नेमके सालस घरमालकाचे, कारण ज्या मोडतोडीसाठी अनामत घेतली होती तिच्यासाठी त्याच्या हाती काहीच उरत नाही. लबाड घरमालक या युक्तीचा अंदाज घेऊन पहिल्याच दिवशी अनामत वाढवून मागतो. अविश्वासाचे हे चक्र एकदा फिरू लागले, की त्यात कोण आधी चुकला हे ठरवणे व्यर्थ होते.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे, कारण वऱ्हाडातील भाडेव्यवहाराचा कायदा मुंबईपुण्यापेक्षा निराळ्या वाटेने आला आहे. मुंबईचा १९४७ सालचा भाडेनियंत्रण कायदा आम्हांला कधीच लागू नव्हता. यवतमाळ जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असल्यामुळे येथे १९४६ च्या अधिनियमाखाली निघालेला १९४९ सालचा भाडेनियंत्रण आदेश चाले, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरही तो चालूच राहिला. त्या आदेशानुसार घर रिकामे झाले की त्याची वर्दी सरकारला द्यावी लागे, सरकार ते घर आपल्या नोकरांना किंवा निर्वासितांना नेमून देऊ शके, आणि भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडेनियंत्रकाची परवानगी काढावी लागे. ती व्यवस्था घरमालकाला जाचक होती, यात शंका नाही, आणि ती गेली याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत; पण तिच्यात एक गुण होता, की दोघांच्या वादात तिसरा कोणी तरी बसलेला असे. (ज्या वऱ्हाडात आपण नांदतो तो मुलूखच एके काळी भाडेपट्ट्याने गेलेला होता, हेही या ओघात आठवते. १८५३ साली निजामाने तो हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली केला, १९०२ साली सालीना २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला, आणि पुढे निजामाने आपली मिळकत परत मागितली तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ती मागणी झिडकारून लावली. भाडेकरू बलाढ्य असला म्हणजे मालकाची काय गत होते, याचा हा दाखला. परंतु आमचा अव्वल कारकून म्हणजे इंग्रज सरकार नव्हे.)

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा यांचे तीन निरनिराळे कायदे एकदमच रद्द झाले. मुंबईच्या जुन्या कायद्याने जी पागडी गुन्हा ठरवली होती, ती देण्याघेण्यास नव्या कायद्याच्या कलम ५६ ने मोकळीक दिली, आणि त्याच कलमात अनामतही कायदेशीर ठरली. ती किती घ्यावी याला मर्यादा नाही. ती केव्हा परत करावी याला मुदत नाही. परत न केल्यास काय, याचा उल्लेख नाही. उलट याच अधिनियमाचे कलम २४ पाहा. राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या घराची मुदत संपूनही जो परवानाधारक ताबा देणार नाही, त्याच्याविरुद्ध घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे संक्षिप्त पद्धतीने अर्ज करता येतो, लेखी करारनामा हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि ताबा देण्यात जेवढा विलंब होईल तेवढ्या काळासाठी त्या भाडेकरूला परवानाशुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. ही तरतूद योग्यच आहे. पण मग चावी वेळेवर न देणाऱ्याला दुप्पट आणि पैसे वेळेवर न देणाऱ्याला काहीच नाही, हा कोणता न्याय? एकाच करारनाम्यातील दोन वचनांपैकी एकाला कायद्याने दंड ठेवला आहे आणि दुसरे घरमालकाच्या सवडीवर सोडले आहे.

याहून मौजेची गोष्ट मुद्रांक शुल्काची आहे. लीव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे परवान्याच्या, करारावर आपल्या राज्यात एकूण भाड्याच्या पाव टक्का शुल्क आकारतात, आणि हे एकूण भाडे मोजताना परत करावयाच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने व्याज धरून ते त्यात मिळवले जाते. म्हणजे अनामतीवर व्याज सुटते आणि ते घरमालकाला मिळते, हे सरकारला पक्के ठाऊक आहे. त्या व्याजावर आपला हिस्सा घेण्यास ते चुकत नाही. मात्र ज्याच्या रकमेवर हे व्याज धरले जाते, त्या भाडेकरूला त्यातली एक कवडीही द्यावी असे सरकारने कधी म्हटलेले नाही.

आता कोणी म्हणेल, की दिवाणी न्यायालये कशासाठी आहेत? दावा लावता येतो, हे खरे. त्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे, आणि करारात लिहिलेली दंडाची रक्कम आंधळेपणाने वसूल न करता वाजवी भरपाईच द्यावी, हे १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम ७४ सांगते, त्यामुळे ‘किरकोळ’ नावाचे कलम न्यायाधीशापुढे टिकण्याची शक्यता थोडी. पण १७,००० रुपयांसाठी शंभराहून अधिक किलोमीटरवरील उमरखेडहून एस.टी.ने यवतमाळच्या कचेरीत तारखांना यायचे, प्रत्येक वेळी रजा टाकायची, वकिलाचे शुल्क द्यायचे, आणि निकाल लागेपर्यंत पुढच्या बदलीची वेळ यायची, हा हिशेब ज्याला करता येतो तो दावा लावीत नाही. आणि तो लावणार नाही हे घरमालकालाही पुरते माहीत असते. त्यातल्या त्यात सोपा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. दावा दाखल करण्यापूर्वीच लोकअदालतीपुढे प्रकरण ठेवता येते, त्याला न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्यावर अपीलही चालत नाही. अडचण एवढीच, की तडजोड उभयपक्षांच्या संमतीनेच होते, आणि ज्याच्या हाती पैसे आहेत त्याला संमती देण्याची घाई नसते.

भाडेकरूच्या हाती एक हत्यार मात्र याच १९९९ च्या अधिनियमाने दिले आहे, आणि त्याची वार्ता या जिल्ह्यात फारच थोड्यांना आहे. नोंदणी अधिनियमाने एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली असल्यामुळे ११ महिन्यांचा करारनामा साध्या मुद्रांकावर करून ठेवण्याची वहिवाट पडली, आणि ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य आजही दस्तलेखकांच्या टपरीवर ऐकू येते. महाराष्ट्रात ते खोटे आहे. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा परवान्याचा कोणताही करार, मग तो ११ महिन्यांचा का असेना, लेखी असला पाहिजे आणि नोंदवला गेला पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘रंगकाम भाडेकरूकडे’ अशी अट होती, असे घरमालक तोंडी म्हणू लागला, तर ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर आहे. ज्यांना अनामत मिळत नाही त्यांनी नोटीस देताना हे कलम तीत अवश्य नमूद करावे. पुष्कळ घरमालकांची स्मरणशक्ती त्याने सुधारते.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते फार लांबवून सांगण्याची गरज नाही. जर्मनीत घरमालकाला ३ महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, आणि ती स्वतःच्या पैशांपासून अलग, व्याजी ठेवावी लागते. ते व्याज भाडेकरूचे. इंग्लंडात २००७ पासून अनामत मान्यताप्राप्त योजनेखाली सुरक्षित करावी लागते, आणि तसे न केल्यास न्यायालय अनामतीच्या तिप्पटपर्यंत रक्कम भाडेकरूला देववू शकते. यवतमाळात असे निधी स्थापन करा, असे मी म्हणत नाही. दोन खोल्यांच्या घरासाठी एवढे अवडंबर पेलणार नाही. आपल्याच केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी जो आदर्श भाडेकरार अधिनियम मंजूर करून राज्यांकडे धाडला, त्यात आपल्याला पुरेसे आहे. निवासी घरासाठी २ महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक अनामत नको. ताबा घेतेवेळीच, वाजवी वजावट करून, ती परत करावी. वाद उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेल्या भाडे प्राधिकाऱ्यापुढे जावा. त्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणीही करून दिली आहे: भिंतींना सफेदी आणि दारेखिडक्यांना रंग देणे घरमालकाकडे, नळाच्या तोट्या, विजेची बटणे, दारांची कड्याकुलुपे आणि खिडक्यांची तावदाने भाडेकरूकडे. वर सांगितलेल्या कागदातील निम्मा तंटा या एका परिशिष्टाने मिटला असता. परंतु हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्यामुळे तो आदर्श राज्यांनी स्वीकारल्याखेरीज त्याला बळ नाही.

पूर्ण अधिनियम स्वीकारण्यास राज्याची तयारी नसेल, तर नसो. मुंबईच्या जुन्या चाळी आणि त्यांचे राजकारण त्याच्या आड येते, हे समजू शकते, आणि यवतमाळच्या भाडेकरूने त्यासाठी ताटकळत राहण्याचे कारण नाही. कलम २४ ला एक पोटकलम जोडले तरी माझ्या मते काम भागेल: ज्या दिवशी ताबा दिला जाईल त्याच दिवशी अनामत परत करावी, वजावट करायची असल्यास ३० दिवसांच्या आत, पावत्यांसह, कलमवार लेखी हिशेब द्यावा, आणि तसे न केल्यास मुदत संपूनही घर अडवून बसलेल्या भाडेकरूला जो दुप्पट दर लागतो तोच, त्याच सक्षम प्राधिकाऱ्यापुढे, त्याच संक्षिप्त पद्धतीने घरमालकालाही लागावा. यात प्रामाणिक घरमालकाचे काहीच बिघडत नाही. त्याला फक्त पावती जपून ठेवावी लागेल, आणि दुसऱ्याची रक्कम आपल्या खर्चात मिसळण्यापूर्वी एकदा विचार करावा लागेल.

वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड या ७ मतदारसंघांतून आपण विधानसभेत प्रतिनिधी पाठवतो, आणि त्या सर्वांच्या तालुक्यांतून दर उन्हाळ्यात बदलीवर निघालेली कुटुंबे अनामतीची वाट पाहत असतात. नागपूरचे हिवाळी अधिवेशन येथून दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. या सातांपैकी कोणा एकाने तरी ही दुरुस्ती अशासकीय विधेयकाच्या रूपाने तेथे मांडावी, आणि उरलेल्या सहांनी, पक्षभेद बाजूला ठेवून, तिला पाठिंबा द्यावा.